‘मला उमजलेले’

कुमार गंधर्वांची जन्मशताब्दी २०२४ साली पूर्ण झाली. त्या निमित्ताने जे लिहिले व बोलले गेले त्यात स्तुतीची वाण नव्हती; वाण होती ती आक्षेपकांची. ज्या गायकावरून त्याच्या हयातीत घरोघर वाद झाले, त्याच्याविषयी आज कोणाचीच तक्रार असू नये, हे मला काही शुभलक्षण वाटत नाही.

त्या वादांपैकी एक आपल्या मराठी कुटुंबांच्या फारच जिव्हाळ्याचा होता. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या नावाने कुमारांनी नाट्यपदांचा कार्यक्रम केला व पुढे त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. ज्यांनी गंधर्व नाटक मंडळीची नाटके डोळ्यांनी पाहिली होती, त्या पिढीला तो एक प्रकारचा अपराध वाटला. पदाची लडिवाळ लय कोठे गेली? एका चरणाचे असे तुकडे का? ऑर्गन आणि सारंगी यांच्या भरल्या सुरावटीत तरंगणारा तो आवाज कोठे, आणि ही अकस्मात उसळून तितक्याच अकस्मात थांबणारी स्वरवाक्ये कोठे?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा शिवपुत्र कोमकळी बालपणी प्रसिद्ध झाला तो हुबेहूब नकलेमुळे. थोर गवयांच्या तबकड्या ऐकाव्या आणि जशाच्या तशा गाऊन दाखवाव्या, हा त्याचा खेळ होता. १९३६ साली मुंबईच्या जीना हॉलमध्ये त्याने रसिकांना थक्क केले तेव्हा त्याचे वय अवघे बारा वर्षांचे होते. पुढे प्रो. बा. र. देवधरांकडे शिक्षण झाले. नंतर क्षयाने गाठले, १९४८ साली देवासला जाणे झाले व काही वर्षे गाणे सर्वस्वी बंद राहिले. दुखण्यातून उठल्यावर जे गाणे आले ते त्या बालकाचे नव्हते. दीर्घ दमाची वाट फुप्फुसानेच अडविली होती. (त्या आजाराने कुमारांची शैली ‘घडविली’ असे म्हणणारांशी मात्र मी सहमत नाही, क्षयाने खंगलेले पुष्कळ होते, त्यांतून कुमार एकच निघाला.) ज्याला बालगंधर्वांची नक्कल करणे इतर कोणाहूनही सोपे होते, त्यानेच ती केली नाही, यात या प्रयोगाचे मर्म आहे.

शाळामास्तरच्या सवयीने मी त्या नावातील शब्दांकडे पाहतो. समजणे आणि उमजणे आपण जोडीने वापरतो. परंतु समजणे याचे ‘समजावणे’ हे प्रयोजक रूप सर्रास चालते, तसे ‘उमजावणे’ सहसा कोणी म्हणत नाही. एकाने दुसऱ्यास समजावून सांगता येते. उमजायचे ते ज्याचे त्यासच. मग ‘मला’ हा शब्द अहंकाराचा नव्हे, मर्यादेचा ठरतो.

आमच्या यवतमाळच्या घरी ती ध्वनिमुद्रिका प्रथम वाजली तेव्हा थोरल्या काकांनी दुसऱ्याच पदाला हात वर केला. त्यांनी तरुणपणी वऱ्हाडातील मुक्कामांत मंडळीची नाटके पाहिली होती. “हे बालगंधर्व नव्हेत,” ते म्हणाले. चुलतभाऊ उत्तरला, “काका, ते तरी कुठं तसं म्हणताहेत?” काका उठून माजघरात गेले, पण तेथूनच, “इथं सम फार लवकर उरकली,” “इथं शब्द चावला,” असे शेरे येत राहिले. दोन्ही बाजू संपेपर्यंत त्यांचे कान बैठकीतच होते.

माझे स्वतःचे मत विचाराल तर काकांचे अर्धे म्हणणे खरे होते. ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकातील रुक्मिणीचा संकोच, तिचे आर्जव, बालगंधर्वांच्या अखंड ओघात जसे उतरते तसे कुमारांच्या तुटक चरणांत उतरत नाही. तेथे नायिका हरवते. परंतु त्याच पदांना भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींतून चाली दिल्या होत्या. तो आतला राग, ती आतली बंदिश, वेशभूषेचे व रंगमंचाचे आवरण दूर होताच कुमारांच्या गाण्यात लख्ख दिसू लागते. एक हानी, एक लाभ. दोन्ही मोजता येतात ते ज्याला मूळ पाठ आहे त्यालाच.

आपल्या विदर्भाचा भवभूति ‘मालतीमाधवा’च्या प्रस्तावनेत समानधर्म्याची वाट पाहतो. समानधर्मा म्हणजे होयबा असा अर्थ अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. तो मला मान्य नाही. माजघरातून शेरे मारणारे काका माझ्या मते त्या शब्दाला अधिक पात्र होते.

घरातील तरुणांनी हे गाणे ऐकायचे असेल तर प्रथम बालगंधर्वांच्या मूळ मुद्रिकेतील पद लावावे, मग तेच कुमारांचे. आणि दोघे श्वास कोठे घेतात तेवढेच पाहावे. ऐंशी उलटलेले कोणी घरी असेल तर त्यांस शेजारी बसवावे. ते मध्येच “बंद कर” म्हणाले तर बंद करून, का म्हणाले ते नीट विचारून घ्यावे.