ज्याचे पाणी त्याच्या पाठीवर

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला आणि पहाटे अंगावर काही घ्यावेसे वाटू लागले, की आमच्या कारेलीबागेतील मराठी घरांतून एकच विषय निघू लागतो. पावागडास कोणत्या रविवारी जावयाचे? गिरनारी दत्तदर्शनास यंदा कोणकोण येणार? चैत्रातील उत्तरवाहिनी नर्मदेची परिक्रमा आजींना झेपेल काय? पावागड तर येथून अवघा पन्नासेक किलोमीटर; सकाळचा चहा घरी घेऊन निघाले तरी उन्हे चढण्यापूर्वी माचीवर पोहोचता येते. बेत ठरतो, शिधा ठरतो, गाडी ठरते. ओझे कशात भरावयाचे आणि ते कोणी वाहावयाचे, एवढे मात्र निघण्याच्या घटकेपर्यंत कोणी ठरवीत नाही.

मग नेहमीचा प्रघात चालू होतो. घरात एक भली थोरली सॅक असते. तिच्यात साऱ्या घराच्या पाण्याच्या बाटल्या, पुरीभाजीचा डबा, चादर, टॉवेल, आजोबांच्या गोळ्या आणि धाकट्याचा स्वेटर असे सारे काही कोंबले जाते व ती घरातील धडधाकट तरुणाच्या पाठीवर चढते. इतर मंडळी हात हलवीत चालतात. यात वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आहे, मायाही आहे. त्यास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. तथापि डोंगरावर या प्रघाताचा एक धोका संभवतो आणि त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

सपाटीवर कुटुंब एकत्र चालते. चढावर तसे चालत नाही. गिरनारच्या सुमारे दहा हजार पायऱ्या. पहिल्या तासाभरातच घरची माणसे तीनचार ठिकाणी विखुरतात. तरुण पुढे जातो, मधली मंडळी मध्ये राहतात, आणि आजी-आजोबा कोठे तरी कठड्याला टेकून बसलेले असतात. नेमके त्याच वेळी त्यांच्या घशाला कोरड पडते, किंवा गोळी घेण्याची वेळ होते. पाणी व गोळी मात्र तीनशे पायऱ्या वर, नातवाच्या पाठीवर! गर्दीत हाक पोहोचत नाही, डोंगराच्या आड फोन लागेलच असे नाही. मधुमेहाच्या माणसास वेळेवर साखरेचा खडा मिळाला नाही तर काय ओढवते, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.

यास्तव आमचे म्हणणे असे, की डोंगर चढणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवर, मग तो दहा वर्षांचा असो की सत्तर वर्षांचा, आपापली एक सॅक असावी. तीत त्याचे पाणी, त्याचे औषध, त्याचा घास आणि त्याचे पांघरूण असावे. हे पूर्वी सांगणे कठीण होते, कारण रिकामी सॅकच दीडदोन किलो भरे. आज तशी स्थिती नाही. आत सांगाडा नसलेली, पातळ नायलॉनची वीस-बावीस लिटरची सॅक ३०० ते ५०० ग्रॅमांत मिळते. घडी करून मुठीत मावणाऱ्या सॅका तर १०० ग्रॅमांच्या आसपास असतात. अशा हलक्या सॅकेमुळे बलवानाचा भार थोडा उतरतो हे खरेच. पण जो आजवर रिकाम्या हाताने आणि म्हणून परावलंबी होऊन चालत होता, तो तिच्यामुळे स्वतःच्या पाण्याचा धनी होतो. आमच्या मते तिचा खरा उपयोग हाच.

वयाची शंका घेणाऱ्यांसाठी एक उदाहरण देतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातील एमा गेटवुड या अकरा मुलांच्या आईने १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, ॲपलाचियन ट्रेल ही सुमारे ३,३०० किलोमीटरची डोंगरवाट एकटीने सलग पार केली. तिच्यापाशी तंबू नव्हता. जाड्याभरड्या डेनिमची घरी शिवलेली पिशवी, एक पांघरूण आणि पावसासाठी न्हाणीघरातला प्लास्टिकचा पडदा, असा तिचा संसार होता. पुढे १९९०च्या दशकात रे जार्डिन या गिर्यारोहकाने स्वतः शिवलेल्या हलक्या सॅकांचा पुरस्कार केला आणि तिकडे या विचाराचे एक शास्त्रच झाले. अन्न, पाणी व इंधन वगळून साऱ्या सामानाचे वजन दहा पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या आत असेल, तर तो प्रवासी 'अतिहलका' गणला जातो.

आपल्याकडे ही कल्पना परकी म्हणता येणार नाही. जुन्या काळचा वाटसरू पडशी घेऊन निघे; तिची एक पिशवी छातीवर, दुसरी पाठीवर. भार दोहोंकडे सारखा वाटला गेल्याने शरीर ना पुढे झुके, ना मागे ओढले जाई. आजच्या सॅकेत ही सोय नाही. सारे ओझे पाठीमागे, म्हणून चालणारा नकळत पुढे वाकतो. आणि ओझे पाठीपासून जितके दूर लोंबते तितके अधिक वाकावे लागते. हे ध्यानी ठेवले म्हणजे निवडीचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात.

पहिला नियम असा, की सॅक सर्वांत शेवटी घ्यावी. आधी नेण्याचे सामान जमिनीवर मांडावे आणि स्वयंपाकघरातील काट्यावर एकेक जिन्नस तोलावा. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. त्यात तडजोड नाही. खाणे ६०० ग्रॅम, पातळ जाकीट ३००, पावसाळी अंगरखा २५०, पंचा १५०, औषधे व पट्ट्या १५०, विजेरी १००, आणि सॅक ४००. ही बेरीज ३,९५० ग्रॅम होते. शाळकरी मुलांचे दप्तर त्यांच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे, असे केंद्र सरकारच्या २०२०च्या शालेय दप्तर धोरणात म्हटले आहे. तोच दंडक आजींना लावला, तर पन्नास किलो वजनाच्या आजींची मर्यादा पाच किलो ठरते. म्हणजे वरील सामान तीत बसते. पंचवीस किलो वजनाच्या नातवाला मात्र अडीच किलोच. त्याच्या सॅकेत एक लिटर पाणी, खाऊ आणि जाकीट असले की पुरे. त्याचे उरलेले पाणी वडिलांनी घ्यावे.

दुसरा नियम मापाचा. एका दिवसाच्या वाटेस १८ ते २२ लिटर पुरतात. एका रात्रीचा मुक्काम असेल तर ३० ते ३५. 'असू दे, मोठी बरी' हा विचार येथे नडतो, कारण रिकामी जागा गृहिणीच्या डोळ्यांना खुपते आणि चकल्यांचा डबा आत जातो. रिकाम्या सॅकेचे वजन भरलेल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नसावे, हा आमचा साधा ठोकताळा आहे.

तिसरा नियम अंगलटीचा. मान खाली घातली असता मानेच्या तळाशी जे हाड बोटाला ठळक लागते, तेथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर शिवणाच्या टेपने मोजावे. सॅकेची पाठ याहून लांब असेल तर ती बसताना ढुंगणावर आपटते व खांद्यांना खाली ओढते. खांद्यांचे पट्टे चार बोटे रुंद, कडा मऊ असलेले असावेत. दोरीसारखे बारीक पट्टे दोन किलोंनंतर कापू लागतात, म्हणून मुठीत मावणाऱ्या सॅका फार तर लहानांना योग्य. छातीवरचा आडवा पट्टा असावा, म्हणजे खांद्यांचे पट्टे घसरत नाहीत. पाण्याची बाटली बाजूच्या कप्प्यातून, सॅक न उतरविता, स्वतःच्या हाताने काढता व ठेवता आली पाहिजे. जिचे खांदे दुखरे आहेत अशा स्त्रीने हे दुकानातच करून पाहावे. ते जमत नसेल तर सॅक कितीही हलकी असली तरी ती तिच्या कामाची नव्हे.

चौथी गोष्ट कापडाची. धाग्याची जाडी डेनियर या मापात सांगतात; नऊ हजार मीटर धाग्याचे जितके ग्रॅम वजन, तितके डेनियर. तीस डेनियरचे कापड पावागडाच्या पायऱ्यांवर चालते. परंतु सुटीत पुण्यास जाऊन मुले राजगडाच्या करवंदीच्या जाळ्यांतून जाणार असतील, तर शंभर ते दोनशे डेनियरचे घ्यावे. शेपन्नास ग्रॅम वाढतील, पण सॅक फाटून येणार नाही. पट्टे जेथे अंगास जोडले आहेत तेथील शिवण उलटून पाहावी. टाके दाट व दुहेरी असावेत. कापडाला पाणी न लागण्याचा लेप असला तरी शिवणींतून पाणी शिरतेच, म्हणून आत एक साधी मोठी पिशवी घालून तीत कपडे ठेवावेत.

सांगाडा नसलेल्या सॅकेचे एक मर्म असे, की तिला आकार देणारे आपणच. जाकीट किंवा शाल चौपदरी करून पाठीकडच्या बाजूस उभी सरकवावी, म्हणजे डब्याची कड मणक्यास टोचत नाही. जड वस्तू पाठीलगत, मध्यावर; हलक्या बाहेर. आणि सहासात किलोंच्या वर भार गेला की ही सॅक साथ देत नाही. जड सॅकेतील सांगाडा व कमरेचा जाड पट्टा भार कमरेवर उतरवितात. हिच्यात तो सारा खांद्यांवर राहतो. ज्याला घरची चादर न्यावयाचीच आहे त्याने हलक्या सॅकेच्या नादी लागू नये.

हलकेपणाच्या हौसेने भलत्या ठिकाणी कात्री लागू नये, हेही सांगितले पाहिजे. पाणी, औषधे, विजेरी आणि ऊबदार वस्त्र यांस हात लावू नये. चैत्रातील परिक्रमेस तर पाण्यावाचून पाऊल टाकू नये. वजन उतरवावयाचे ते भांड्यांचे: दुहेरी भिंतीची पोलादी बाटली रिकामीच चारपाचशे ग्रॅम भरते, ॲल्युमिनियमची साधी बाटली त्याच्या निम्म्याहून कमी. तीन खणी डब्याऐवजी दशमी फडक्यात बांधावी. गिरनार हे अभयारण्य आहे. फेकून द्यावयाच्या बाटल्या व पुड्या तेथे नेऊच नयेत, आणि नेलेले सारे परत आणावे. रिकामी झालेली सॅक त्याच कामाची.

किमतीविषयी दोन शब्द. फार हलके कापड महाग पडते. शंभर ग्रॅम वाचविण्यासाठी दुप्पट पैसे मोजण्याचे कारण नाही, कारण तितके वजन एक टॉवेल गाळून पंचा घेतल्यानेच वाचते. ज्या घरी शिवणयंत्र आहे त्या घरी साधी सॅक शिवताही येईल. पट्ट्यांच्या जोडावर मात्र हात राखू नये.

सॅक आणली की लगेच डोंगर गाठू नये. तीत चार किलो तांदूळ भरून आजींनी चारसहा दिवस घराचा जिना चढावा-उतरावा, कमाटीबागेत दोन फेऱ्या माराव्यात. गुडघे उतरताना कुरकुरू लागले, तर एक किलो काढून पुन्हा पाहावे, आणि तरीही त्रास झाला तर डॉक्टरांस विचारावे. पावागडास माचीपासून व गिरनारास अंबाजीपर्यंत रोपवे आहे. त्याचा आधार घेण्यात कमीपणा नाही. मात्र रोपवेने जाणाऱ्याच्या पाठीवरही त्याची सॅक हवीच, कारण वर पोहोचल्यावर पायऱ्या उरतातच आणि मंडळी तेथेही पांगतात.

निघण्यापूर्वी घरातील कर्त्याने एकदा सर्वांना ओळीने उभे करून प्रत्येकास विचारावे: तुझे पाणी कोठे आहे, तुझी गोळी कोठे आहे? 'दादाच्या सॅकेत' असे उत्तर आले, तर ते सामान तेथल्या तेथे काढून ज्याचे त्याच्या पाठीवर द्यावे आणि मगच गाडीत बसावे.