दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा तोटा

दोघांचें भांडण व तिसऱ्याचा लाभ ही म्हण आपल्या पूर्वजांनीं अनुभवावरून बनविली; परंतु त्यांनीं दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांचा व्यापार पाहिला नव्हता. या व्यापारांत दोघे भांडतात, त्या भांडणाचा खर्च तिसरा सोसतो, आणि भांडण मिटलें म्हणजे समेटाचा खर्चहि त्याच्याच माथीं बसतो. हा तिसरा म्हणजे दरमहा पैसे भरून संध्याकाळीं पडद्यासमोर बसणारा साधा गृहस्थ. वाहिनीचा मालक व ती घरोघर पोंचविणारा केबलवाला यांच्यांत दराची बोलणीं फिसकटलीं कीं वाहिनी बंद पाडण्याचा जो अधिकार आजच्या नियमांनीं त्यांच्या हातीं ठेवला आहे, तो अन्यायाचा आहे व तो काढून घेतला पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम एक अलीकडचा प्रसंग घेऊं. २०२३ सालच्या फेब्रुवारींत वाहिन्यांचे नवे दर अंमलांत आले. डिस्ने स्टार, झी व सोनी या तीन बड्या कंपन्यांनीं नव्या दरांच्या करारावर सही करावी असें केबलवाल्यांस कळविलें. अखिल भारतीय डिजिटल केबल महासंघाच्या सभासद-कंपन्यांनीं सही नाकारली. हे दर आमच्या ग्राहकांस झेपणार नाहींत, असें त्यांचें म्हणणें होतें. आणि महासंघानें केरळच्या उच्च न्यायालयांत धांवहि घेतली होती. तेव्हां १८ फेब्रुवारीच्या सुमारास वाहिन्यांच्या मालकांनीं या केबलांवरून आपल्या वाहिन्या काढून घेतल्या. महासंघाच्या हिशेबानें सुमारें साडेचार कोटी घरांतील पडदे त्या वाहिन्यांपुरते काळे पडले. दिल्लीस भारत व ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना ऐन रंगांत होता. मुहूर्त असा साधला होता कीं नाक दाबल्याबरोबर तोंड उघडावें. तें उघडलेंहि. आठवडा पुरा होण्यापूर्वींच सह्या झाल्या व वाहिन्या परतल्या. मात्र सह्या झाल्या त्या नव्या करारावरच! ज्या ग्राहकाच्या नांवानें एवढें युद्ध पुकारलें होतें, त्याच्या पदरांत काय पडलें? आधीं कांहीं दिवसांचा अंधार, आणि मग वाढीव दराचें ओझें.

या प्रकरणांत एक पक्ष साव व दुसरा चोर असें आम्ही म्हणत नाहीं. वाहिनीवाला म्हणतो, 'तुमच्या केबलवाल्यास जाब विचारा'. केबलवाला म्हणतो, 'या कंपन्यांचा लोभ पाहा'. दोघेहि आपली फिर्याद ग्राहकापुढें मांडतात, त्याची सहानुभूति मागतात, त्याच्या संतापाचें शस्त्र करून एकमेकांवर उगारतात. परंतु करार करतांना त्याला कोणी विचारीत नाहीं. न्यायालयांत ज्याचें हित पणास लागलें आहे त्याला पक्षकार करतात. या तंट्यांत मात्र ग्राहक पक्षकार नाहीं; तो ओलीस आहे.

आतां मुळाशीं जाऊं. ज्या लहरींवरून या वाहिन्या येतात त्या कोणाच्या? याचें उत्तर सर्वोच्च न्यायालयानें ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं देऊन ठेविलें आहे. बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यांत न्यायमूर्ति पी. बी. सावंत व त्यांचे सहकारी यांनीं असा निर्णय दिला कीं, ध्वनिचित्रांच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तिचा वापर लोकहितासाठींच झाला पाहिजे. सरकारची मक्तेदारी त्या निर्णयानें अमान्य झाली, हें योग्यच झालें. पण सरकारची मक्तेदारी जाऊन तिच्या जागीं धनिकांची यावी, असें त्या निर्णयांत कोठेंहि सुचविलेलें नाहीं. वस्तु लोकांची, परवाना लोकांच्या सरकारचा, आणि कळ दाबून ती बंद करण्याचा हक्क मात्र खाजगी करारांतील वादाचा, ही व्यवस्था त्या निर्णयाशीं कशी जुळते?

नियमकर्त्यांसहि हें तत्त्व अर्धें पटलें आहे. २००४ सालीं हा व्यवसाय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'ट्राय'च्या, देखरेखीखालीं आला, आणि त्याच वर्षीं असा नियम झाला कीं, वाहिनीच्या मालकानें मागेल त्या केबलवाल्यास भेदभाव न करतां वाहिनी दिली पाहिजे. म्हणजे देण्याची सक्ति आहे. परंतु करार संपून नवा झाला नाहीं, तर तीन आठवड्यांची नोटीस देऊन तीच वाहिनी बंद करण्याची मोकळीकहि आहे. दार उघडण्याची सक्ति करावयाची आणि तें तोंडावर आपटण्याची मुभा ठेवावयाची, हा न्याय कसला?

दरांचा इतिहास पाहिला तर ग्राहकाच्या नांवानें केलेली प्रत्येक सुधारणा अखेर कोणाच्या घरीं नांदावयास गेली तें दिसून येतें. १ फेब्रुवारी २०१९ पासून जी पद्धति सुरू झाली तिचें ब्रीद 'हवें तेवढेंच घ्या, घ्याल तेवढ्याचेच पैसे द्या' असें होतें. शंभर वाहिन्यांच्या जोडणीचा मूळ आकार अधिकांत अधिक १३० रुपये ठरला. त्यावर अठरा टक्के कर धरून १५३ रुपये ४० पैसे झाले. सशुल्क वाहिन्यांचे पैसे याशिवाय. पॅकेजांत बसवावयाच्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांहून अधिक नसावी असें ठरलें. २०२० च्या जानेवारींत ही मर्यादा १२ रुपयांवर आणण्याचा हुकूम निघाला. वाहिन्यांचे मालक मुंबई उच्च न्यायालयांत गेले. ३० जून २०२१ रोजीं न्यायालयानें तो हुकूम बहुतांशीं कायम केला. इतकें होऊनहि २०२२ च्या नोव्हेंबरांत ट्रायनें स्वतःच मर्यादा पुन्हां १९ रुपये केली, आणि पॅकेजावर सुट्या किंमतींच्या ४५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची परवानगी दिली. पुढें जुलै २०२४ मध्यें जोडणीच्या आकारावरील मर्यादाहि उठली.

सूट म्हटली कीं ऐकणाऱ्यास गोड वाटतें. पण हिशेब करून पाहावा. १९ रुपयांच्या पांच वाहिन्यांची सुटी किंमत ९५ रुपये. त्यांचें पॅकेज ४५ टक्के सूट देऊन ५२ रुपये २५ पैशांस मिळूं शकतें. आतां एखाद्या घरास त्यांतील तीनच वाहिन्या हव्या असल्या, तर सुट्या घेतांना ५७ रुपये पडतात. म्हणजे तीन वाहिन्या पांचांहून महाग! अशा बाजारांत 'निवड' हा शब्द उच्चारणें ही थट्टा आहे. हर्णै बंदरांतील मासळीच्या लिलावांत कोणी असें म्हणूं लागला कीं, 'सुरमई एकटी घ्याल तर दाम जास्त, तिच्याबरोबर शिळे बांगडे टोपलीभर घ्याल तर कमी', तर आमच्या कोळिणी त्याची काय संभावना करतील तें सांगावयास नको. पण कराराच्या कागदावर तीच गोष्ट आली कीं तिला ग्राहकहित म्हणतात.

हा तंटा शहरांत त्रासदायक असेल. आंजर्ल्यासारख्या गांवांत तो अधिक बोंचतो. येथील किती तरी घरांत मुलें मुंबई-पुण्यास, आणि मागें वाडीचें शिंपणें व देवाचें दिवाबत्ती करणारीं वृद्ध माणसें. चार महिने पाऊस कोसळतो. तेव्हां छतावरच्या छत्रीचें चित्र मोठ्या सरीबरोबर विरून जातें, आणि ती छत्री बसवावयाची तर माड-पोफळींच्या गर्दींतून मोकळें आकाश शोधावें लागतें. अशा ठिकाणीं तारेनें येणारी वाहिनी ही चैन राहत नाहीं; ती घरांतील एक बोलणारें माणूस होते. शहरांतला ग्राहक रागावला तर दुसऱ्या कंपनीकडे जाईल. येथें आळींत एकच तार आलेली असते. ती तोडून जावयाचें कोठें? स्पर्धेनें दर आपोआप ताळ्यावर राहतील असें सांगणाऱ्या पंडितांनीं हें ध्यानांत घेतलेलें दिसत नाहीं.

या गांवास खाडीवर पूल होण्यापूर्वीं होडींतून पलीकडे जावें लागे. समजा, होडीचा मालक व धक्क्याचा ठेकेदार यांच्यांत मोबदल्यावरून वाद झाला, आणि दोघांनीं मिळून उतारूंस भर खाडींत थांबवून ठेविलें. भाडें मात्र आधींच वसूल केलें. कोणत्या सरकारनें हें चालूं दिलें असतें? वाद तुमचा, तो काठावर बसून सोडवा, उतारूंस आधीं पार करा, एवढें सांगावयास कायद्याच्या पदवीची गरज नव्हती. दूरचित्रवाणीच्या बाबतींत एवढी साधी समज आम्ही का गमावून बसलों?

याविरुद्ध तीन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. पहिला असा कीं, कार्यक्रम तयार करण्यास पैसा लागतो, क्रिकेटचे हक्क विकत घ्यावे लागतात. मालकानें किंमत मागूं नये काय? जरूर मागावी. परंतु प्रेक्षक ती दोनदां देतो हें विसरूं नये. एकदां वर्गणीच्या रूपानें, आणि दुसऱ्यांदा जाहिराती पाहून. नियमानें तासाला बारा मिनिटें जाहिरातींस मोकळीं आहेत. तीन तास पाहणाऱ्याचीं छत्तीस मिनिटें तेथें जातात. दोनदां पैसे घेणाऱ्यानें दुकान बंद करण्याची धमकी तरी देऊं नये.

दुसरा आक्षेप, परवडत नसेल तर सरकारची फ्री डिश घ्या. ती २००४ पासून आहे, तिला मासिक वर्गणी नाहीं, व ती चांगली सोय आहे, हें आम्ही मान्य करतों. पण ज्या सशुल्क वाहिन्यांवरून तंटा पेटतो त्या तेथें नसतात. अन्नछत्र उघडें आहे म्हणून खाणावळवाल्यानें पैसे घेऊन ताट ओढून घ्यावें काय?

तिसरा आक्षेप आधुनिकांचा: आतां सारें मोबाइलवर दिसतें, केबलची मातबरी ती काय! पण मोबाइलवरील दुकानहि त्याच मालकांचें आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें डिस्नेचा भारतांतील व्यवसाय व रिलायन्सच्या वाहिन्या एकत्र झाल्या. आणि हॅथवे व डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांवर त्याच रिलायन्सचा ताबा २०१९ पासून आहे. म्हणजे वाहिनी, तार आणि मोबाइल हीं तिन्ही दारें एका वाड्यांत उघडूं लागलीं आहेत. उद्यां वादी व प्रतिवादी एकाच माजघरांत बसून भांडतील, आणि दंड तेवढा बाहेर ओसरीवर बसलेल्याकडून वसूल होईल.

ही रीत आपल्याकडचीच आहे असें नाहीं. अमेरिकेंत २०२३ सालच्या ३१ ऑगस्टला डिस्ने व चार्टर या कंपन्यांचें बिनसलें, आणि सुमारें दीड कोटी घरांतून वाहिन्या नाहींशा झाल्या. त्या ११ सप्टेंबरास परत आल्या. तेव्हां तेथें टेनिसची खुली स्पर्धा चालू होती. मुहूर्त तेथेंहि जाणूनच निवडतात असें दिसतें! परंतु अमेरिकेंत एखादी गोष्ट घडते म्हणून ती आदर्श ठरत नाहीं. व्यापार मोकळा सोडला म्हणजे ग्राहक आपोआप राजा होतो, या समजुतीचा फोलपणा मात्र त्यावरून सिद्ध होतो.

उपाय अवघड नाहींत. पहिला: तंटा न्यायाधिकरणापुढें असतां वाहिनी जुन्या दरानें चालूच राहिली पाहिजे, आणि निकालानंतर फरकाची रक्कम व्याजासह ज्याची त्यानें चुकवावी. यांत नवें कांहीं नाहीं. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यानें तडजोडीचें काम चालू असतां सार्वजनिक सेवेंतील कामगारांस संप करण्यास व मालकांस टाळेबंदी करण्यास मनाई केली होती. मजुरास जो संयम शिकविला तो कोट्यधीशास शिकविण्यास संकोच कां? दुसरा: वाहिनी बंद राहील त्या प्रत्येक दिवसाचे पैसे ग्राहकानें मागण्याची वाट न पाहतां बिलांतून वजा व्हावे, आणि ती वजाबाकी बिलावर स्पष्ट दिसावी. तिसरा: पॅकेजावरील सुटीस अशी मर्यादा असावी कीं तीन वाहिन्या पांचांहून महाग पडणार नाहींत. चौथा: दर ठरविण्यापूर्वीं ट्राय जीं विचारविनिमयाचीं पत्रकें काढतें, तीं मराठींतहि निघावीं. आज तीं अशा इंग्रजींत असतात कीं आम्हांसारख्या इंग्रजी शिकलेल्या माणसासहि दोनदां वाचावीं लागतात. मग आंजर्ल्याच्या वाडींतल्या आजीबाईंनीं आपलें मत कोणास व कसें कळवावें? कंपन्यांचे वकील उत्तरें धाडतात, आणि तींच लोकमत म्हणून दप्तरीं दाखल होतात.

यांतील पहिली सुधारणा जरी झाली तरी बाकीच्या तीन मागोमाग येतील असा आमचा विश्वास आहे. वाहिनी बंद पाडून दर वाढवून घेतां येत नाहीं असें दिसलें, म्हणजे दोन्ही पक्षांस बोलणीं करण्याची बुद्धि वेळेवर सुचेल. तोंवर आमच्या सुशिक्षित कुटुंबांनीं एवढें तरी करावें कीं, पुढल्या खेपेस पडदा काळा होईल तेव्हां कोणाची बाजू घ्यावी याचा वाद घरांत घालीत बसूं नये. दोहोंपैकीं एकहि बाजू आपली नाहीं. आपली बाजू तिसरी आहे, आणि ती मांडण्याचें काम आपल्यावांचून दुसरें कोणी करणार नाहीं.