डांबराचा कैवार

कूपर्टिनो, सनीव्हेल, सॅन होजे या पट्ट्यातल्या मराठी मंडळींमध्ये दर काही महिन्यांनी एक निरोप फिरतो. जवळचं शॉपिंग सेंटर पाडून तिथे चार-पाच मजली इमारती उठणार आहेत, सिटी काउन्सिलची सुनावणी अमुक तारखेला आहे, या आणि विरोध नोंदवा. विरोधाचे मुद्देही ठरलेले. वस्तीचं रूप जाईल, रहदारी वाढेल, शाळा भरून वाहतील, आपलं किराणा दुकान उठेल, आणि हे सगळं कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, सॅक्रामेंटोत बसलेले लोक आपल्यावर लादताहेत.

माझा पक्ष याच्या उलट आहे. या जमिनींवर दुकानं आणि पार्किंग चालेल, पण घर चालणार नाही, असं सांगणारं जुनं झोनिंग बदललंच पाहिजे. पूर्वपक्षात एक मुद्दा मात्र खरोखर वजनदार आहे. तो मी मुद्दाम मागे ठेवतो, कारण त्याचं उत्तर देताना माझ्याच बाजूच्या लोकांना चार शब्द सुनवावे लागणार आहेत.

आधी रूपाचं बोलू. हे रूप म्हणजे काय? इंग्रजी ‘एल’सारखी एकमजली बैठी इमारत, तिच्यात सुपरमार्केट, औषधाचं दुकान, ड्राय क्लीनर, दोन-तीन उपाहारगृहं, आणि पुढे डांबराचं पटांगण. हे कुणा वास्तुविशारदाला सुचलेलं नाही, नियमातल्या गणिताने घडवलेलं आहे. दर हजार चौरस फूट दुकानामागे चार-पाच गाड्यांची जागा ठेवा, असा दंडक इथल्या बहुतेक शहरांनी वर्षानुवर्षं चालवला. एका गाडीला, येण्याजाण्याची वाट धरून, तीनशे चौरस फुटांहून जास्त जागा लागते. म्हणजे दुकान हजार फुटांचं आणि त्याचं पार्किंग बाराशे ते पंधराशे. मालापेक्षा गाडीला जास्त जमीन देणारा हा हिशेब किती महाग पडतो, हे डोनल्ड शूप या प्राध्यापकाने 2005 साली जाडजूड ग्रंथ लिहून दाखवलं. ज्याला आपण वस्तीचं रूप म्हणून जपायला निघालो आहोत, ते या कोष्टकाचं उत्तर आहे. त्यातही ते फार जुनं नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हे सगळं खोरं जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांचं होतं. 1976 साली उघडलेल्या कूपर्टिनोच्या ‘व्हॅल्को’ मॉलचं नावसुद्धा त्या जमिनी एकत्र करणाऱ्या कंपनीच्या आणि घराण्यांच्या आद्याक्षरांवरून आलेलं आहे. मूळ रूपच राखायचं असेल तर जर्दाळू लावावे लागतील.

घर एकीकडे आणि दुकान दुसरीकडे, ही कल्पना तरी आली कुठून? आरोग्य आणि शांतता ही कारणं पुस्तकात असतात. कॅलिफोर्नियातली सुरुवात मात्र धोब्यांपासून झाली. 1885 साली मोडेस्टो शहराने कपडे धुण्याची दुकानं रेल्वेरुळांपलीकडच्या ठरावीक भागातच चालतील असा हुकूम काढला. हा धंदा चिनी लोकांच्या हातात होता, आणि त्यांना गोऱ्यांच्या वस्तीतून हटवण्याचा तो सोयीचा मार्ग होता. सॅन फ्रान्सिस्कोनेही लाकडी इमारतींतल्या लाँड्र्यांवर परवान्याचा बडगा उगारला. चिनी अर्जदारांना परवाना मिळेना आणि इतरांना सहज मिळे, तेव्हा 1886 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो प्रकार रद्द करावा लागला. पुढे 1926 साली ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने झोनिंगला घटनामान्य ठरवलं. तो निकाल न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी लिहिला. बंगल्यांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतीला त्यांनी त्यात चक्क बांडगूळ ठरवलं आहे.

या सदरलँडसाहेबांची आणि आपली ओळख त्याआधीची आहे. भगतसिंग थिंद यांच्या 1923 च्या खटल्यात हिंदू मनुष्य ‘गोरा’ नाही, सबब तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, हा निकाल देणारे हेच. त्यामुळे झोनिंग आपोआप वाईट ठरत नाही, हे मलाही कळतं. आई-बापावरून पोराची लायकी ठरवू नये. पण सुनावणीत माइकसमोर उभं राहून ‘आम्ही ज्यासाठी इथे आलो ते वातावरण राखा’ असं सांगणाऱ्या आपल्या माणसाने, ते वातावरण कुणाला बाहेर ठेवण्यासाठी आखलं गेलं होतं, एवढं तरी माहीत करून घ्यावं.

रहदारीचा मुद्दा मी लवकर आटोपतो. सकाळी सातला 280 महामार्गावर जी रांग लागते ती इथे राहणाऱ्यांची कमी आणि इथे राहणं न परवडणाऱ्यांची जास्त असते. ट्रेसी-मँटेकाहून अल्टामाँट खिंड ओलांडून माणसं कामाला येतात. व्हॅल्कोपासून हाकेच्या अंतरावर ॲपलचं वर्तुळाकार मुख्यालय उभं राहिलं, बारा हजारांवर माणसांचं, आणि त्यासाठी अकरा हजारांच्या आसपास गाड्यांची सोय झाली. तेवढ्या माणसांच्या घरांची सोय कुठे करायची, हा प्रश्न मात्र शहराने ऑप्शनला टाकला. रहदारी घरांमुळे वाढते असं म्हणायचं आणि घरं नसल्याने वाढलेल्या रहदारीत रोज अडकायचं, हा छंद आपण स्वखुशीने जोपासला आहे.

शाळांचा मुद्दा मात्र रेंगाळण्यासारखा आहे, कारण आपली बहुतेक माणसं या गावात आली ती शाळांसाठी. ‘नवी घरं म्हणजे नवी मुलं, वर्गात चाळीस-चाळीस पोरं कोंबणार का?’ हा सवाल मी इतक्यांदा ऐकला आहे की विचारणाऱ्याचा स्वरही पाठ झाला आहे. प्रत्यक्षात घडलं ते असं: कूपर्टिनोच्या प्राथमिक शाळांची पटसंख्या वर्षामागून वर्ष घसरत गेली आणि 2021 च्या ऑक्टोबरात शाळामंडळाने रेग्नार्ट आणि मायरहोल्झ या दोन शाळा बंद करायचा निर्णय घेतला. मुलं मावेनात म्हणून नव्हे, मुलं येईनात म्हणून. कारण शोधायला फार लांब जायला नको. जुन्या घरांत राहणाऱ्यांची पोरं मोठी होऊन कॉलेजात गेली, आई-बाप तिथेच राहिले, आणि पाच-सात वर्षांचं मूल असलेल्या जोडप्याला तिथे घर घेणं झेपेना. 1978 च्या प्रस्ताव 13 मुळे जुन्या मालकाच्या घराचं करासाठीचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही, त्यामुळे मोठं घर सोडून छोट्यात जायला त्याला कारणच उरत नाही. भाड्याच्या घरांशिवाय या शाळांना मुलं मिळायची कुठून? शाळा वाचवण्यासाठी घरांना विरोध करणारे शाळांच्या मुळावर आलेले आहेत, हे सभ्यपणे सांगण्याची मला दुसरी रीत सापडलेली नाही.

याच प्रस्ताव 13 चा आणखी एक परिणाम झोनिंगवर झाला, तो फारसा कुणी बोलत नाही. मालमत्ता कराला असा लगाम बसल्यावर शहरांनी विक्रीकराकडे डोळे लावले. दुकान ज्या शहरात, त्या शहराला विक्रीचा एक टक्का मिळतो. साहजिकच दुकानांसाठी, गाड्यांच्या शोरूमसाठी जमीन राखून ठेवणं फायद्याचं झालं आणि घर म्हणजे शाळा-पोलीस-अग्निशमनाचा नुसता खर्च. प्रत्येक शहराला गिऱ्हाईक हवं, पण ते रात्री झोपायला शेजारच्या गावात गेलं तर बरं. ज्या नियमाला आपण वस्तीचं कवच समजतो, त्याच्या मागे शहराच्या जमाखर्चाचा असा हात आहे.

आता ‘सॅक्रामेंटोची दादागिरी’. स्थानिक लोकशाही पायदळी तुडवली, असं म्हणतात. व्हॅल्कोचीच गोष्ट घेऊ, कारण ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडली. मॉल ओस पडला. मेसीज, सीअर्स, जेसी पेनी ही मोठी दुकानं एकामागून एक गेली. 2016 च्या नोव्हेंबरात मतदारांपुढे दोन प्रस्ताव आले: एकाने तिथे फक्त दुकानं-हॉटेलं-करमणूक एवढंच ठेवायचं म्हटलं, दुसऱ्याने कार्यालयं, दुकानं आणि काही शे घरं बांधायची मुभा मागितली. मतदारांनी दोन्ही नाकारले. म्हणजे मॉलही नको, मॉलच्या जागी दुसरंही नको! सुमारे पन्नास एकर जागेबद्दल गावाचं एवढंच म्हणणं असेल, तर कुणीतरी वरून दार ठोठावणारच होतं. राज्याच्या 2017 च्या एसबी 35 कायद्याने ते ठोठावलं. 2018 मध्ये 2,402 घरांची योजना मंजूर झाली, त्यातली निम्मी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. आधी काही शे घरांना नाही म्हणणाऱ्यांच्या पदरात अडीच हजारांच्या घरात घरं पडली. विरोधकांनी कोर्ट गाठलं, 2020 च्या मे महिन्यात तिथेही ते हरले. यात लोकशाहीचा अपमान मला दिसत नाही. जे तिथे कामाला येतात आणि राहू शकत नाहीत, त्यांना गावात मत नव्हतं, राज्यात होतं.

विरोधक इथे मला पकडतात, आणि ते बरोबर पकडतात: ‘मंजूर झालं, पण उभं काय राहिलं?’ मॉल पाडला गेला आणि जागा कित्येक वर्षं कुंपणाआड नुसती पडून राहिली. आधी खटला, मग मातीची तपासणी, मग महामारी, व्याजदर, आराखड्यात फेरबदल. झोनिंग बदललं की दुसऱ्या दिवशी चावी हातात पडते, असं सांगणारा माणूस थापा मारतो. पण बंदी उठल्यावर घर बांधलं जाईल की नाही हे अनिश्चित असतं. बंदी असेपर्यंत ते बांधलं जाणार नाही हे नक्की असतं. शिवाय व्हॅल्को हा अजस्र मॉल. मला खरी आशा आहे ती सहा-आठ एकरांच्या, कोपऱ्यावरच्या साध्या सेंटरांकडून. 2022 चा आणि 1 जुलै 2023 पासून लागू झालेला एबी 2011 कायदा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे: रुंद व्यापारी रस्त्यालगतच्या, दुकानं-कार्यालयांसाठी राखलेल्या जमिनीवर, ठरलेल्या अटी पाळल्या तर घरं बांधायला काउन्सिलच्या मर्जीची गरज नाही. ठरावीक हिस्सा स्वस्त घरांचा, बांधकाम कामगारांना प्रचलित मजुरी, आणि पार्किंगची सक्ती नाही.

उरला वजनदार मुद्दा: किराणा दुकान. एल कमीनो रस्त्यावरच्या जुनाट गाळ्यात चाळीस वर्षांपूर्वीचं छत आहे, फरशी उखडली आहे, म्हणूनच तिथलं भाडं झेपतं आणि म्हणूनच तिथे ज्वारीचं पीठ, कोकम, भाजणी मिळते. नवीन उद्योगांना जुन्या इमारती लागतात, हे जेन जेकब्ज यांनी 1961 सालीच मांडलं आणि ते आजही खरं आहे. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर बँक येते, जिम येतं, साखळी कॉफीवाला येतो. आपला दुकानदार येत नाही. माझ्या बाजूचे उत्साही लोक याला ‘बाजाराची किंमत’ म्हणून झटकतात. तो उद्दामपणा आहे, आणि त्याने निम्मी लढाई हरली जाते.

पण जुनं झोनिंग या दुकानदाराला वाचवतं का? झोनिंग ‘दुकान’ राखतं, दुकानदाराला नाही. करार संपला की मालक भाडं दुप्पट करू शकतो, गाळा पाडून तिथे मोठं साखळी स्टोअर आणू शकतो, आणि जुना नियम त्याला अडवत नाही. भरपाईही द्यायला लावत नाही. एबी 2011 मध्ये निदान छोट्या, स्वतंत्र व्यापाऱ्याला आगाऊ सूचना आणि स्थलांतराचा खर्च द्यावा लागतो, तोही जितकी वर्षं गाळ्यात तितका जास्त. ते पुरेसं नाही, असं माझं मत आहे. डांबराचं पटांगण इमारतीपेक्षा मोठं आहे, तेव्हा पहिली इमारत त्यावर बांधा, जुनी दुकानं तिथे हलवा, आणि मगच जुनी इमारत पाडा. गाळे लहान ठेवा. परत येण्याचा हक्क कागदावर द्या आणि पहिली काही वर्षं भाड्याला मर्यादा घाला. आणि काउन्सिलांनी अख्खा तळमजला दुकानांनी भरायचा हट्ट सोडावा. चौकाच्या बाजूला दुकानं आणि बाकी घरं असली तरी चालतं, नाहीतर काचेमागे ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या लटकत राहतात.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड यात आपल्याला नवल वाटावं याचंच मला नवल वाटतं. गिरगावात, दादरला, लक्ष्मी रोडवर वाढलेली माणसं आपण. तिथला कोंडमारा इथे आणा असं कुणी म्हणत नाही. चार मजले म्हणजे काही गिरगाव नव्हे. दुकानदाराच्या हक्कांची अशी यादी घेऊन कुणी काउन्सिलपुढे जाणार असेल, तर त्या अर्जावर माझी सही धरावी. ‘झोनिंग जसंच्या तसं ठेवा’ या अर्जावर मात्र कितीही ओळखीच्या माणसाने आणला तरी करणार नाही.