ऐकणारीचंही घर त्याच गल्लीत



२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी ही तीन मजली इमारत कोसळली. माणसं झोपेत होती. चाळीसच्या आसपास बळी गेले, त्यांत लहान मुलं बरीच होती. करोनाचे दिवस होते, यंत्रमागाचा धंदा बसलेला होता, घराघरात पैशाची चणचण होती. काही दिवसांनी ढिगारा उपसण्याचं काम संपलं, कॅमेरे आणि पुढारीही गेले. अशा वेळी दुःखात बुडालेल्या बायकांजवळ बसायला मागे कोण उरतं? आशाताई, अंगणवाडीच्या ताई, बचत गटातल्या बायका आणि आपल्यासारख्या संघटनांच्या कार्यकर्त्या. आज मला लिहायचं आहे ते त्यांच्याविषयी.

आमच्या एका बैठकीत एक कार्यकर्ती म्हणाली, "ती बाई भिंतीला गेलेल्या तड्याचं सांगत होती आणि मला माझ्या घरातला तडा दिसत होता. पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. रात्री मुलांना उठवून दाराशी झोपवते." मी तिला म्हणाले, "आपणच असं केलं तर कसं? जरा खंबीर व्हायला हवं." ती गप्प बसली. पुढच्या दोन बैठकांना आली नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की नवरा मारतो म्हणून केंद्रात आलेल्या बाईला कोणी "जरा सहन कर" म्हटलं तर आपण चवताळून उठतो. मी माझ्या सहकारणीला दुसरं काय सांगितलं होतं?

दुसऱ्याच्या यातना ऐकून ऐकून ऐकणाऱ्याच्या मनावर जो परिणाम होतो, त्याबद्दल मॅककॅन आणि पर्लमन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी १९९० मध्ये लिहिलं. पण आमच्या कार्यकर्तीचं दुखणं तेवढंच नव्हतं. तिनं आघात नुसता ऐकला नव्हता, ती त्यातच राहत होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधल्या समुपदेशकांवर हीच वेळ आली. समोरच्या माणसाचं शहर तेच यांचंही शहर होतं. अशा सामायिक आघाताचा वेगळा विचार त्यानंतर बराच झाला. तिथल्या समुपदेशकांना निदान स्वतंत्र खोली, ठरलेली वेळ आणि पगार होता. आपल्या कार्यकर्तीचं बोलणं चालतं मागाच्या खडखडाटात, एका खोलीत, रात्रपाळी करून आलेला माणूस शेजारी झोपलेला असताना. मानधन मिळालं तर मिळालं.

मग बाहेरचे तज्ज्ञच आणावेत, असं कोणी म्हणेल. तज्ज्ञ हवेतच. ऑक्टोबर २०२२ पासून टेली मानसची १४४१६ ही सरकारी दूरध्वनी सेवाही आहे, तिचा उपयोग जरूर करावा. पण मध्यरात्री दार वाजतं ते शेजारणीचं. तिला गल्लीची भाषा कळते, भाड्याचं आणि पाळीचं गणित कळतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमध्ये घरदुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. त्याही भूकंपग्रस्तच होत्या. पण त्यांना नेमून दिलेलं काम होतं, प्रशिक्षण होतं आणि पाठीशी मंडळ होतं. आपण मात्र कार्यकर्तीला एकटीला पाठवतो आणि परत आली की अहवाल मागतो.

भिवंडीला आणखी एक जुनी जखम आहे. मे १९७० आणि मे १९८४ च्या दंगली या गावानं भोगल्या. इमारत पडते तेव्हा दुःख सगळ्यांचं असतं. दंगलीत मात्र ऐकणारीचं नावही आडवं येतं. समोरची बाई जिच्या जमातीला शिव्या देते आहे, ती जमात ऐकणारीचीच असू शकते. ऐकणारीच्या मनातही भीती असते, राग असतो. आपण धर्मनिरपेक्ष आहोत म्हणून तो राग नाहीच, असं समजू नये. तो बोलायला जागा मिळाली नाही तर एक तर ती काम सोडते, नाहीतर समोरच्या बाईवर नकळत काढते. १९८८ पासून इथे उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्यांत दोन्हीकडची माणसं एकत्र बसत राहिली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, त्यात या बसण्याचा मोठा वाटा होता. तेच बसणं आपल्याला आपल्या संघटनेच्या आत करायचं आहे.

म्हणून काही गोष्टी सुचवते. आपत्तीनंतर वस्तीत एकटीनं जाऊ नये, जोडीनं जावं. आठवड्यातून एक बैठक अशी असावी की जिथे फॉर्म नाहीत, आकडे नाहीत, फक्त आपलं बोलणं आहे. "आज मला ऐकणं जमणार नाही," असं कार्यकर्तीला म्हणता यावं आणि त्यासाठी मानधन कापलं जाऊ नये. समोरची बाई बोलत असताना "माझंही असंच झालं" म्हणत आपण मध्ये शिरू नये. आपलं दुःख आपल्या बैठकीत मांडावं. निधीच्या अर्जात चादरी आणि धान्याबरोबर कार्यकर्तीच्या विश्रांतीचाही खर्च लिहावा. देणारे नाही म्हणतील, तरी लिहावा.

आणि एक. मालेगावनं २००६ आणि २००८ चे बॉम्बस्फोट सोसले, इचलकरंजीनं २०१९ चा महापूर. दोन्ही आपल्यासारखीच मागांची गावं. तिथल्या कार्यकर्त्यांनी आमच्याजवळ येऊन बसावं, उद्या आम्ही त्यांच्याकडे जाऊ. धंदा कळणारी पण त्या गल्लीत न राहणारी मैत्रीण अशा वेळी फार उपयोगी पडते.

ती कार्यकर्ती परत आली. मी तिची माफी मागितली. तिच्या घरातला तडा तसाच आहे, कारण या भाड्यात दुसरं घर मिळत नाही. धोकादायक घरांचा प्रश्न समुपदेशनानं सुटणार नाही. त्यासाठी महापालिकेच्या दारात मोर्चा घेऊन जावंच लागेल, आणि त्या मोर्चात ती आमच्याबरोबर असेल. पण तोवर रात्री ती दाराशी जागी असते हे आम्हाला माहीत असायला हवं.

तुमच्या संघटनेत अशा वेळी काय करता? काय चुकलं, काय जमलं? जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवत आहोत.