आरोग्यविचार : मस्टर्ड वायूचे विष, त्यावरील उपचार आणि श्रावकाचा विवेक



मोहरी म्हटले की आपल्याला फोडणी आठवते. परंतु ‘मस्टर्ड गॅस’ या नावाने जगाला ठाऊक असलेल्या विषाचा मोहरीच्या दाण्याशी काडीचाही संबंध नाही. अशुद्ध स्वरूपात त्याला मोहरी किंवा लसणासारखा उग्र दर्प येतो, एवढ्यावरून हे नाव रूढ झाले. त्याला वायू म्हणणेही तंतोतंत बरोबर नाही. गंधक आणि क्लोरीन ज्यात आहेत असे ते एक तेलकट द्रव आहे आणि सुमारे 14 अंश सेल्सिअसखाली ते गोठते. साताऱ्याच्या थंडीत पहाटे ते थिजून पडेल आणि दुपारच्या उन्हात त्याची वाफ होऊ लागेल. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यांत, तळघरांत, खंदकांत साचून राहते.

पहिल्या महायुद्धात जुलै 1917 मध्ये बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हे विष प्रथम वापरले. त्याआधी एप्रिल 1915 मध्ये त्याच परिसरात क्लोरीन वायूचा मारा हिंदी सैनिकांनीही सोसला होता. सातारा-सांगलीच्या वाचकांना हे युद्ध परके वाटू नये. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकाच गावाचे 46 जवान त्या युद्धात कामी आले. त्यांच्या नावाने उभारलेला स्मृतिलेख आणि गावाचे ‘अपशिंगे मिलिटरी’ हे नाव आजही त्याची साक्ष देतात.

याहून विषण्ण करणारा अध्याय पुढे घडला. आपल्या भागातील तरुण ज्या ब्रिटिश हिंदी सेनेत भरती होत, त्याच सेनेतील शेकडो शिपायांवर रावळपिंडी येथे या विषाचे प्रयोग करण्यात आले. इंग्लंडमधील पोर्टन डाऊन या संस्थेचे शास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दहा वर्षांहून अधिक काळ तेथे हे काम करीत होते. गोऱ्या कातडीपेक्षा हिंदी कातडीवर विषाचा परिणाम अधिक होतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. शिपायांना विषाने भरलेल्या कोठड्यांत पाठविले गेले आणि काहींना गंभीर भाजण्याच्या जखमा होऊन रुग्णालयात ठेवावे लागले. 2007 मध्ये ब्रिटनमधील जुन्या कागदपत्रांवरून ही हकीकत वृत्तपत्रांतून उजेडात आली. शत्रूने नव्हे, ज्याचे मीठ खाल्ले त्या सरकारनेच हे केले होते.

या विषाचे शरीरावरील कार्य मोठे फसवे आहे. त्वचेवर ते पडले तरी त्या क्षणी वेदना होत नाही. मनुष्य निर्धास्त राहतो आणि विष मात्र काही मिनिटांत पेशींत शिरून त्यांच्या आनुवंशिक द्रव्यालाच जखडून टाकते. दोन ते चोवीस तासांनी लक्षणे दिसू लागतात. बहुधा प्रथम डोळे चुरचुरतात, लाल होतात, पापण्या सुजून मिटतात आणि प्रकाश सहन होत नाही. मग त्वचा लाल होते आणि पिवळसर पाण्याचे मोठे फोड उठतात. काखा, जांघा, मान अशा घामट व नाजूक जागी ते अधिक येतात. वाफ श्वासावाटे गेली असेल तर आवाज बसतो, खोकला लागतो आणि श्वासनलिकेचे अस्तर सोलून निघते. मात्रा मोठी असल्यास पुढील एक-दोन आठवड्यांत अस्थिमज्जेचे काम मंदावते, रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात आणि साधा जंतुसंसर्गही प्राणघातक ठरू शकतो.

या विषावर नेमका उतारा अद्याप उपलब्ध नाही. म्हणूनच पहिली काही मिनिटे सर्वांत मोलाची ठरतात. दूषित कपडे तत्काळ उतरविणे, त्वचेवरील द्रव न चोळता टिपून घेणे, भरपूर पाणी व साबण यांनी अंग धुणे आणि डोळे स्वच्छ पाण्याने बराच वेळ धूत राहणे, हाच खरा प्रथमोपचार होय. मदत करणाऱ्याने स्वतःचे हात व चेहरा झाकलेला असावा, कारण कपड्यांवरील विष दुसऱ्याला बाधते. येथे सांगलीकरांना एक विशेष विनंती. भाजल्यावर हळद किंवा तेल-तूप लावण्याची आपली जुनी सवय आहे. रासायनिक भाजण्यावर असे काही लावू नये. मस्टर्ड वायू तर तेलात सहज विरघळतो आणि तेलासह अधिक पसरतो.

पुढील उपचार रुग्णालयातच व्हावे लागतात. जखमा निर्जंतुक ठेवणे, वेदनाशमन, डोळ्यांत प्रतिजैविक मलम, श्वासनलिका रुंदावणारी औषधे, प्राणवायू आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वसन, असे त्यांचे स्वरूप असते. पांढऱ्या पेशी फार घटल्यास त्या वाढविणारी इंजेक्शने दिली जातात. आगीने भाजलेल्या रुग्णाला शिरेवाटे जितके द्रव द्यावे लागते तितके येथे लागत नाही, अतिरेक केल्यास अपायच होतो. फोडांतील पाण्यात मात्र विष शिल्लक नसते, त्यामुळे शुश्रूषा करणाऱ्यांनी त्याचे भय बाळगू नये.

वाचलेल्यांचे भोग तेथेच संपत नाहीत. 28 जून 1987 रोजी इराकने इराणमधील सरदश्त या गावावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले. तेथील आणि त्या युद्धातील अन्य हजारो पीडित आजही जुनाट खोकला, धाप, त्वचेची कंड यांनी त्रस्त आहेत. काहींच्या डोळ्यांचा त्रास तर अनेक वर्षे शांत राहून पुन्हा उफाळला. हे विष कर्करोगकारकही आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी व युद्धकाळात जपानच्या ओकुनोशिमा बेटावरील कारखान्यात ते तयार करणाऱ्या कामगारांत श्वसनमार्गाचा कर्करोग मोठ्या प्रमाणात आढळला.

आता या विषयाची दुसरी बाजू पाहू. अनेकांताची दृष्टी लाभलेल्या आपल्या समाजाला ती विशेष भावेल. पांढऱ्या पेशी नष्ट करण्याचा या विषाचा गुण डॉक्टरांच्या ध्यानी आला होता. ज्या रोगात याच पेशी बेसुमार वाढतात, तेथे तो उपयोगी पडेल काय, असा विचार अमेरिकेतील येल विद्यापीठात लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांनी केला. 1942 मध्ये लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला त्यांनी नायट्रोजन मस्टर्ड हे भावंड-द्रव्य दिले आणि गाठी विरघळल्या. तो रुग्ण पुढे वाचला नाही, परंतु मार्ग सापडला. 2 डिसेंबर 1943 रोजी इटलीच्या बारी बंदरात बॉम्बहल्ल्यात एक अमेरिकी जहाज फुटले. त्यात गुप्तपणे मस्टर्ड बॉम्ब साठविलेले होते. रुग्णालयात आलेल्या 600 हून अधिक बाधितांपैकी 83 जण दगावले. डॉ. स्टुअर्ट अलेक्झांडर यांनी त्यांच्या रक्तपेशींच्या केलेल्या नोंदींनी या संशोधनाला बळ दिले. त्या सुमारास मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही इटलीच्या आघाडीवर लढत होते.

याच कुळातून पुढे सायक्लोफॉस्फामाइड हे औषध जन्मले. स्तनाचा कर्करोग, लसिकाग्रंथींचा कर्करोग आणि काही मूत्रपिंडविकार यांत ते आजही दिले जाते. सातारा-सांगलीतील कित्येक कुटुंबे मिरजेच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयांत केमोथेरपीसाठी जातात, तेव्हा हेच औषध अनेकदा त्यांच्या आप्तांच्या शिरेत थेंबाथेंबाने उतरत असते. केस गळणे, पांढऱ्या पेशी घटणे हे त्याचे दुष्परिणाम याच वंशपरंपरेतून आलेले आहेत. म्हणून केमोथेरपीच्या दिवसांत ताप आल्यास तो अंगावर काढू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

मस्टर्ड वायू आपल्या दारी येण्याची भीती नाही. भारताने 1997 मध्ये आपला 1044 टनांचा साठा जगापुढे जाहीर केला आणि 2009 पर्यंत तो पूर्णपणे नष्ट केला. परंतु अन्य विषारी वायू आपल्या अवतीभोवतीच आहेत. नोव्हेंबर 2024 मध्ये कडेगाव तालुक्यातील शाळगाव येथील खत कारखान्यात वायुगळती होऊन जीवितहानी झाली. आपल्या व्यापारी बांधवांच्या गोदामांत धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतूनही दमटपणामुळे घातक फॉस्फिन वायू सुटतो आणि त्यावरही उतारा नाही. हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करवावे, राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत ते कदापि करू नये, गोळ्यांवर पाणी टाकू नये आणि वायू पूर्ण निघून जाईपर्यंत हमालास आत धाडू नये. कुणाला चक्कर, मळमळ किंवा धाप जाणवल्यास त्याला तत्काळ मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यावे.

आपल्या आगमांत, उपासकदशांगात, आनंद श्रावकाच्या व्रतांच्या प्रसंगी श्रावकाने वर्ज्य करावयाचे पंधरा कर्मादान सांगितले आहेत. त्यांत विषवाणिज्य, म्हणजे विषाचा व्यापार, स्पष्टपणे येतो. दिगंबर परंपरेतील श्रावकाचारही विष, शस्त्र अशी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देण्यास हिंसादान नावाचा अनर्थदंड म्हणतो. आजच्या बाजारात ही रेषा पूर्वीइतकी सरळ राहिलेली नाही. शाई-रंगाच्या उद्योगात लागणारी काही रसायने अशी अस्त्रे बनविण्यासही उपयोगी पडतात, म्हणून 2000 सालच्या रासायनिक अस्त्र करार अधिनियमाने आणि निर्यातीच्या परवान्यांनी त्यांवर बंधने घातली आहेत. कित्येकांना ती कटकट वाटते. परंतु माल कोणाकडे चालला आहे आणि तो त्याचे काय करणार आहे, एवढे विचारणे हा श्रावकाचा जुनाच धर्म आहे. कायद्याने तो आता कागदावर आणला, इतकेच.

रावळपिंडीच्या शिपायांच्या कातडीवर विष घालणारे आणि येलमध्ये रुग्णाच्या शिरेत त्याचेच भावंड सोडणारे, दोघेही विद्वानच होते. एकाने माणसाकडे मोजमापाची वस्तू म्हणून पाहिले, दुसऱ्याने त्याच्या पीडेकडे पाहिले. आपल्या गोदामातील हमालाकडे आपण यांपैकी कोणत्या दृष्टीने पाहतो, हे या पर्युषणाच्या आधीच प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून घ्यावे, ही नम्र प्रार्थना.