७८०५ ला आता थोडी सुट्टी द्या!

मित्रांनो, प्रोजेक्ट लॅबमधला कुठलाही बोर्ड उचलून बघा. आधी बॅटरी, मग ७८०५, मग बाकीचं सगळं. ८०५१ जाऊन अर्डुइनो आला, सेन्सर बदलले, पण ७८०५ काही जागचा हलत नाही. व्हायव्हाला "हाच का वापरला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "सर, सिनिअर्सनी वापरला होता!" माझं म्हणणं एवढंच, की निदान बॅटरीवर चालणाऱ्या प्रोजेक्टमध्ये तरी ही सवय मोडायला हवी.

७८०५ वाईट नाही. स्वस्त आहे, तीन पायांचा आहे, दोन कपॅसिटर लावले की झालं. पण तो जास्तीचं व्होल्टेज कमी करतो म्हणजे काय करतो? सरळ जाळून टाकतो. १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना २०० मिलिअँपिअर करंट घेतला, तर ७ गुणिले ०.२, म्हणजे १.४ वॅट नुसती उष्णता. हीटसिंक नसेल तर ही चिप आतून दर वॅटला साधारण ६५ अंशांनी तापते. म्हणजे भोवतालच्या हवेपेक्षा ९० अंश जास्त! त्यात आपल्या संभाजीनगरचा मे महिना, हवाच ४० अंशांची. बेरीज १३० वर जाते आणि चिपची मर्यादा आहे १२५. लॅबमध्ये पंख्याखाली पाच मिनिटांचा डेमो छान होतो, पण उन्हात बंद डब्यात ठेवल्यावर काय होणार?

याला पर्याय म्हणजे स्टेप-डाउन स्विचिंग रेग्युलेटर, ज्याला आपण 'बक' म्हणतो. तो व्होल्टेज जाळत नाही. सेकंदाला हजारो वेळा स्विच चालू-बंद करतो आणि कॉइल व कपॅसिटर ते सपाट करतात. एलएम२५९६ हे काम १५० किलोहर्ट्झला करतो. वरच्याच उदाहरणात ७८०५ ची कार्यक्षमता ४२ टक्के, तर याची सुमारे ८० टक्के. ७ अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर ७८०५ सोबत ३४ तास चालेल, बकसोबत ६७ तास. बॅटरी तीच, आयुष्य दुप्पट! रेकॉमच्या आर-७८ मालिकेसारखे छोटे तीन पायांचे बक तर थेट ७८०५ च्याच जागी बसतात, हीटसिंकशिवाय.

पण थांबा, इथेच अर्धवट ज्ञान घात करतं. आपले बरेचसे प्रोजेक्ट दिवसभर झोपतात आणि मिनिटभर जागे होतात. जमिनीतला ओलावा किंवा विहिरीची पातळी मोजणारं सर्किट घ्या. झोपेत मायक्रोकंट्रोलर काही मायक्रोअँपिअरच घेतो, पण ७८०५ स्वतःसाठीच ५ मिलिअँपिअर पितो. चांगल्या ९ व्होल्ट अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात. म्हणजे काहीही काम न करता १०० तासांत, चार दिवसांत बॅटरी संपली! आणि गंमत म्हणजे एलएम२५९६ सुद्धा जवळपास तेवढाच पितो. नुसता 'बक लावला' म्हणून काही होत नाही. एमपी१५८४ सारखी चिप सुमारे ०.१ मिलिअँपिअरवर भागवते.

एकच लिथियम सेल असेल आणि ३.३ व्होल्ट हवे असतील, तर मग बकचीही गरज नाही. ३.७ चे ३.३ करताना साधा लिनिअरसुद्धा ८९ टक्के देतो. फक्त तो एमसीपी१७०० सारखा हवा, जो स्वतःसाठी १.६ मायक्रोअँपिअरच घेतो. सेन्सरचं रीडिंग बकच्या आवाजाने उड्या मारत असेल, तर बकच्या पुढे असा एक छोटा लिनिअर लावावा. आणि हो, मोड्यूलवरचा स्क्रू फिरवून आउटपुट आधी मल्टिमीटरवर बघा, मगच बोर्ड जोडा!

तुम्ही म्हणाल, मार्क तर मिळतात ना, मग कशाला एवढी डोकेफोड? मराठवाड्यात आपण पाण्यावरचे, ठिबकवरचे, मोटारीवरचे इतके प्रोजेक्ट करतो. पैठण किंवा गंगापूरच्या एखाद्या शेतकऱ्याने तो डबा खरोखरच शेतात लावला आणि चौथ्या दिवशी तो मेला, तर ते काका दुसऱ्यांदा इंजिनिअरच्या पोराला शेतात उभं करतील का? त्यांच्या दृष्टीने सेन्सर चुकला, कोड चुकला की रेग्युलेटर, हे सगळं सारखंच!

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. रिपोर्टमध्ये प्रस्तावना चार पानं कमी चालेल, पण एक पान करंटच्या हिशेबाचं सक्तीचं करा : जागेपणी किती, झोपेत किती, बॅटरी किती दिवस. आणि मित्रांनो, डेटाशीट उघडलीत की पहिल्या पानावरच्या '३ अँपिअर'वर भुलू नका, आत 'क्वायसेंट करंट'ची ओळ शोधा. ७८०५ ला मेन्सवरच्या प्रोजेक्टमध्ये खुशाल राहू द्या. बॅटरीच्या प्रोजेक्टमध्ये मात्र सिनिअर्सना नाही, गणिताला विचारा. बघा पटतंय का!