वहीबाहेरचे तट्टू

शरद ऋतू आला की वेल्सच्या डोंगरावरचे कळप खाली हाकले जातात. शिंगरे आईपासून तोडायची आणि बाजारात मिळेल त्या भावाला द्यायची, हा तिथला जुना शिरस्ता. कित्येकदा शिंगराला नोंदणीच्या शुल्काइतकाही भाव येत नाही, मग नोंदणी करणार कोण? पुढे ते तट्टू चार दारे फिरते, एखाद्या पोराचे लाडके होते आणि बऱ्याच वर्षांनी कोणी विचारते, याचे आईबाप कोण? कागदावर उत्तर असते: अज्ञात.

या शेऱ्याचा दबदबा जरा उतरवायला हवा. ‘वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी’ स्थापन झाली 1901 साली आणि तिच्या वंशनोंदीच्या वहीचा पहिला खंड निघाला 1902 मध्ये. घोडे मात्र त्या डोंगरांत त्याच्या कितीतरी शतके आधीपासून आहेत. दहाव्या शतकातल्या हवेल दा राजाच्या नावाने चालत आलेल्या कायद्यांत घोड्यांच्या प्रकारांनुसार मोल ठरवून दिले आहे. सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीला लढाईसाठी थोराड घोडे हवे होते, म्हणून पाच फुटांखालच्या नरांना अनेक परगण्यांत सामायिक कुरणांवर सोडायची बंदी झाली. बारकी तट्टे तरीही टिकली. डोंगरमाथ्यावर राजाज्ञा पोचायलाही दम लागतो.

शिवाय वहीतले मूळपुरुष तरी कुठे कागदोपत्री होते? वेल्श कॉब या जातीचे आद्य नर म्हणून ज्या चौघांची नावे घेतात ते ट्रू ब्रिटन (1830), ट्रॉटिंग कॉमेट (1840), कम्रो ल्लुइद (1850) आणि अलोन्झो द ब्रेव्ह (1866) हे सगळे वहीच्या आधीचे. कम्रो ल्लुइदचा बाप क्रॉशे बेली या लोखंडाच्या कारखानदाराचा अरबी घोडा, असे सांगतात. डोंगरी पोनींचा मानबिंदू डायोल स्टारलाइट 1894 चा. त्याची आई मूनलाइट हिच्यातही त्याच अरबी रक्ताचा अंश असल्याची वदंता आहे. ऐकीव गोष्टी एकदा छापल्या गेल्या की त्यांना वंशावळ म्हणतात! त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत ज्यांचे आजोबा कधी गेलेच नाहीत, त्यांना आजोबा नव्हते असे कोणी म्हणत नाही.

तरीही वंशाचा शोध घ्यावा, आणि तो जनावरापासून सुरू करावा. रंग हा चांगला साक्षीदार आहे. वयाबरोबर पांढरे होत जाणारे राखी तट्टू असेल, तर आईबापांपैकी एक तरी राखी असलाच पाहिजे. दोन तांबूस घोड्यांच्या पोटी काळे शिंगरू येत नाही. कानाला खाच असेल तर ती नीट पाहावी, कारण डोंगरावर कळप मिसळतात आणि कोणते जनावर कोणाचे हे अशा खुणांवरूनच ओळखतात. खाच ओळखू आली तर आईकडचे घराणे निम्मे हाती लागते. घोड्याच्या जुन्या पासपोर्टात, म्हणजे ओळखपत्रात, अंगावरचे भोवरे आकृतीवर टिपलेले असतात, तेही ताडून पाहावेत.

बापाचा मामला अवघड. मोकळ्या कुरणावर कोणता नर कोणत्या घोडीपाशी गेला, हे कोण लिहून ठेवतो? इथे डीएनए कामाला येतो. त्यासाठी आयाळीचे केस मुळासकट उपटून पाठवावे लागतात, कात्रीने कापलेले चालत नाहीत. मात्र ही तपासणी प्रामुख्याने ‘हा बाप नव्हे’ हे खात्रीने सांगते. ‘हाच’ म्हणायला त्या नराचा नमुना आधी कोणीतरी जपून ठेवलेला हवा. मेलेल्या, विकलेल्या, परदेशी गेलेल्या नरांपुढे प्रयोगशाळेचाही इलाज चालत नाही.

वायव्य वेल्समधल्या कार्नेडाई डोंगरातल्या तट्टांची गोष्ट यापुढची. रानात राहणारा हा कळप, एकेकाची वंशावळ कोणाकडेच नाही. आबेरिस्टविथ विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे डीएनए तपासले, तेव्हा नोंदणीकृत वेल्श पोनींहून त्यांचा वंश वेगळा निघाला. शेकडो वर्षे तो बाजूला राहिला होता. वहीने ज्यांची दखल घेतली नाही, त्यांच्याकडे वहीतल्यांपाशी नसलेले काही तरी शिल्लक होते. 2013 च्या वसंतात झालेल्या जबर हिमवर्षावात त्यांतली बरीच दगावली, आणि तो वारसा किती थोड्या जनावरांवर तगून आहे हे लख्ख दिसले.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: दोन्ही बाजूंचा वंश डीएनएने सिद्ध झाला असेल, तर निव्वळ नोंदणीच्या अर्जावर पैदासकाराची सही नाही किंवा अर्जाची मुदत टळली, या सबबीवर वहीचे दार लावू नये. आणि कार्नेडाईच्या तट्टांसारखे, कोणत्याच रकान्यात न बसणारे जनावर निघाले, तर त्याला ओढूनताणून रकान्यात कोंबण्याआधी त्याचा नमुना जपून ठेवावा.